पाणी मागणारे सर

आमच्या सरांना कधी तहान लागत नसे. मे महिन्यात सोलापूरचं डांबर चपलेला चिकटायला लागलं, तरी ते टोपी न घालता हिंडायचे आणि पाण्याची बाटली कधी जवळ बाळगायचे नाहीत. तरीही ज्या घराच्या उंबऱ्याशी जात, तिथं त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असे. "ताई, जरा पाणी मिळेल का प्यायला?" आतून तांब्या-भांडं यायचं. सर दोन घोट घ्यायचे, तांब्या शेजारी ठेवायचे आणि मग विचारायचे, यंदा मत कुणाला देणार. बाहेर पडल्यावर आम्हा विद्यार्थ्यांना सांगायचे, "ज्यानं आपल्याला पाणी दिलं तो आपल्याला हाकलू शकत नाही. माणसाला काही द्यायला जाऊ नका रे, त्याच्याकडून काहीतरी घ्या. तुम्ही घेतलंत की तो तुमचा झाला." गावाकडच्या घरी ते नीरू मागत, पूर्व भागातल्या विणकरांच्या गल्लीत नीळ्ळू मागत. कन्नड आणि तेलुगूतला एवढा एकेकच शब्द त्यांना येत होता, त्यापलीकडे एक अक्षर येत नव्हतं. आम्ही त्यांच्यामागे त्यांना तांब्या सर म्हणायचो. तेव्हा लाडानं म्हणत होतो. लाड केव्हाच आटला, पण नाव अजून तोंडात आहे.

सर आमच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायचे, पण त्यांचा खरा विषय एकच. माणसाचं मत बदलतं कसं? कोण बोललं की बदलतं, काय बोललं की बदलतं, आणि बदललेलं मत किती टिकतं? निवडणूक जाहीर झाली की बाकीचे प्राध्यापक इलेक्शन ड्युटी टाळायच्या खटपटीला लागायचे. सरांचा चेहरा मात्र सासरी जावई यावा तसा फुलायचा. रोज एक सभा, जमलं तर दोन. आणि सभेत ते स्टेजकडे पाठ करून उभे राहायचे. "नेता काय बोलला ते उद्या पेपरात येईल," असं ते म्हणत. "ऐकणाऱ्याची मान कुठल्या वाक्याला हलली, ते कुठल्याच पेपरात येत नाही." एकदा एका हवालदारानं त्यांना हटकलं होतं. "ओ साहेब, स्टेज तिकडं हाय की. हिकडं काय बघायलाव?" सरांनी त्याच्याकडे पाणी मागितलं. थोड्या वेळानं तो हवालदार स्वतःची बाटली सरांच्या हातात देऊन त्यांना सांगत होता, की तो कुणाला मत देतो, त्याची बायको कुणाला देते, आणि तिनं त्याला ते कसं कळू दिलं नव्हतं.

ऐकायचे मात्र छान. हे मला लिहावं लागतंय, कारण ते खरं आहे. समोरचा बोलत असताना त्यांचे डोळे हलायचे नाहीत. आपल्यासारखं शहाणं जगात कुणी नाही, असं बोलणाऱ्याला वाटायला लागायचं. मला तर वाटलंच होतं.

त्यांचं दुसरं ठेवणीतलं वाक्य होतं, "तू नाही म्हणू शकतेस." कुठलंही काम सांगितलं की शेवटी ते हे जोडायचे. माझ्या साखरपुड्याच्या आदल्या दिवशी त्यांनी मला अक्कलकोटकडच्या एका गावात मुलाखती घ्यायला पाठवलं. "पोळ्याआधी ही माणसं पुन्हा घरी सापडायची नाहीत. पण विजया, तू नाही म्हणू शकतेस हं." मी गेले. संध्याकाळी धुळीनं माखून परत आले तेव्हा आई मेंदीचा कोन हातात धरून दारातच उभी होती. "तुला न्हाई म्हणता येत न्हवतं का?" तिनं विचारलं. येत होतं, सरांनीच तसं सांगितलं होतं, म्हणून तर मला म्हणवलं नाही. पुढं त्यांच्याच एका व्याख्यानात मी ऐकलं, की माणसाला नकाराची मोकळीक तोंडानं देऊन टाकली की तो बहुधा नकार देत नाही. सगळा वर्ग वहीत उतरवून घेत होता. मी पेन खाली ठेवलं.

त्यांच्या घरी गेलं की बाई चहा करायच्या. त्यांच्या पत्नीला आम्ही बाईच म्हणायचो. शांत, नीटनेटक्या, हसऱ्या. एकदा सर फोनवर बोलायला बाहेर गेले तेव्हा त्या कप विसळता विसळता मला म्हणाल्या, "यांच्याशी भांडता येत नाही गं. मी रागावले की हे लगेच म्हणतात, तुझं बरोबर आहे. लग्न झाल्यापासून एकाही भांडणात मी हरलेली नाही. आणि एकदाही माझ्या मनासारखं झालेलं नाही." एवढं बोलून त्यांनी कप पालथे घातले. मी तेव्हा हसले होते. गमतीचं बोलणं वाटलं होतं मला.

लोक म्हणतात, असले प्राध्यापक शेवटी पुढाऱ्यांच्या दावणीला जातात. सर गेले नाहीत. दोन्हीकडच्या उमेदवारांची माणसं त्यांच्याकडे यायची, आमच्या साहेबांना भाषणाचं जरा सांगा म्हणायची. सर त्यांना चहा पाजून वाटेला लावायचे. त्यांना पद नको होतं, पैसा नको होता, पेपरात फोटोसुद्धा नको होता. त्यांना फक्त बघायचं होतं, काय होतंय ते. पुढं त्यांनी जे केलं ते पैसे घेऊन केलं असतं तर मी त्यांना कदाचित माफ करून मोकळी झाले असते. हावरटपणा मला कळतो. नुसतं बघायला म्हणून एखाद्याच्या घराला काडी लावणारा माणूस मला कळत नाही.

आता मामाबद्दल सांगते. सिद्धप्पामामा म्हणजे माझ्या आईचा थोरला भाऊ. होटगी स्टेशनच्या पलीकडे, आडबाजूच्या एका लहान गावात त्याची शेती. घरात अर्धं कन्नड, अर्धं मराठी. मामा कधी सरपंच झाला नाही, कधी कुठल्या पॅनेलमधून उभा राहिला नाही. पण गावात कुणाचं लग्न ठरत असो, बांधावरून वाद असो, कुणी म्हैस विकायला काढलेली असो, शेवटी सगळे मामाच्या अंगणात यायचे आणि एवढंच विचारायचे, "मामा, तुमी काय म्हंताव?" सगळं गावच त्याला मामा म्हणायचं. मामा लगेच उत्तर द्यायचा नाही. तंबाखू मळायचा, आभाळाकडं बघायचा, कधी कधी दुसऱ्या दिवशी ये म्हणायचा. आणि मग जे बोलायचा ते गाव मानायचं. यामागं काही जादू नव्हती. मामानं आजवर स्वतःसाठी गावाकडं काही मागितलं नव्हतं, आणि बोललेलं कधी फिरवलं नव्हतं. गावात त्याची कमाई म्हणायची तर ती एवढीच.

आमच्या भागात येळवस मोठी. वेळ अमावास्येला सगळं गाव शेतात जातं. ज्वारीच्या उभ्या पिकात कडब्याची खोपटी, म्हणजे कोप, करायची, तिच्यात चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून पुजायचे, आणि मग भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील. भज्जी म्हणजे भाज्या-डाळींची ताकातली पातळ भाजी, कळणारी माणसं जिच्यासाठी वर्षभर थांबतात ती. त्या दिवशी शेताजवळून जाणाऱ्या कुणालाही हाक मारून जेवायला बसवतात. ओळखीचा असो, अनोळखी असो, वैरी असो. त्या दिवशी कुणाला नाही म्हणायचं नसतं. शहरातली साहेब मंडळी त्या दिवशी ओळखी शोधत हिंडतात. सर आमच्या विभागातल्या सगळ्यांबरोबर मामाच्या शेतावर आले होते ते अशाच एका येळवसला. आल्या आल्या त्यांनी मामीकडं पाणी मागितलं, हे सांगायला नकोच.

आम्ही जेवत असताना शेजारच्या विहिरीवर आरडाओरड झाली. विहीर दोघा भावांच्या सामाईक मालकीची, मोटर चालू करायच्या पाळीवरून धाकट्यानं थोरल्याची गचांडी धरली होती. मामा हातातला उंडा ताटात ठेवून उठला, बांधापर्यंत गेला, काहीतरी बोलला आणि परत येऊन जेवायला बसला. पलीकडं शांत झालं होतं. थोड्या वेळानं तर ते दोघं भाऊ आमच्याच पंगतीला येऊन बसले. सरांचा घास हातातच राहिला होता. "मामा, काय सांगितलंत त्यांना?"

"काय न्हाय. सणाचा दिवस हाय, जेवा म्हटलं की."

"एवढंच?"

"मग आनी काय म्हनायचं?"

परतताना गाडीत सर सोलापूर जवळ आल्यावर माझ्याकडं वळून म्हणाले, "विजया, तो माणूस काय बोलला याला काही किंमतच नव्हती. तो बोलला, यालाच सगळी किंमत होती." त्यांचे डोळे चमकत होते. मला अभिमान वाटला. माझा मामा, माझे सर. त्या चमकण्याची भीती वाटायला हवी होती, पण कशी वाटणार? विंचू बघितलेलाच नसेल त्याला नांगी कशी ओळखू येईल.

त्या सुमारास मामाच्या गावातल्या शाळेची चर्चा चालू होती. चौथीपर्यंतची शाळा, पोरं कमी. वरच्या ऑफिसातून विचारणा आली होती, की रेल्वे लाईनच्या पलीकडच्या मोठ्या गावातल्या शाळेत ती जोडायला गावाची हरकत आहे का. गावाची होती. लाईन ओलांडून एवढ्याशा पोरांना कोण पाठवील? शेजारच्या आणखी एका गावातही हाच प्रश्न होता. सरांनी यातून प्रयोग बेतला. दोन्ही गावांत शाळा जोडण्याच्या बाजूचा तोच मजकूर सांगायचा. एका गावात तो कॉलेजातल्या मुलांनी तक्ते दाखवून सांगायचा, दुसऱ्या गावात तो गावातल्याच विश्वासाच्या माणसानं सांगायचा. आणि बघायचं, मतं कुठं जास्त फिरतात. मी तक्त्यांच्या गावात होते. त्या मजकुरात एक ओळ होती, की शाळा जोडली तर पोरांना न्यायला-आणायला बस मिळेल. ती ओळ सरांनी स्वतः घातली होती. बस कुणीच कबूल केलेली नव्हती. हे आम्हा मुलांना माहीत नव्हतं. माहिती गोळा करणाऱ्याला आतली गोष्ट कळू द्यायची नाही, कळली तर त्याच्या चेहऱ्यावर दिसते, असा त्या विषयातला नियम आहे आणि सर तो काटेकोर पाळत. कुणी म्हणतं, तुझ्या मामाचं तूच केलंस. मी ते अंगावर घेणार नाही. ज्याचं आहे त्याच्याच नावावर राहू दे.

मामा सहजी तयार झाला नव्हता. सर त्याच्या अंगणात पुन्हा पुन्हा गेले. दर वेळी मामीकडून पाणी घेतलं, दर वेळी म्हणाले, "तुम्ही नाही म्हणू शकता. निर्णय तुमचाच." मामाची एकच अडचण होती.

"सर, मधी रेल्वे लाईन हाय. पोरं ल्हान हाईत."

"बस येणार आहे ना, मामा."

"नक्की?"

"नक्की."

त्या एका शब्दावर मामा ग्रामसभेत उभा राहिला. गावात पहिल्यांदाच, कुणी न विचारता. "शाळा जोडली तर पोरांस्नी बस मिळती म्हनत्यात. तितं मास्तर बी जास्ती हाईत. मला तरी बरं वाटतंय." मामी सांगते, सर मामाच्या मागं भिंतीला टेकून, मामाकडं न बघता माणसांकडं तोंड करून उभे होते. हात वर झाले. तक्त्यांच्या गावात आमचं कुणी ऐकलंसुद्धा नाही, चहा पाजून परत पाठवलं. मामाच्या गावात जवळजवळ सगळे हात वर. ठराव झाला.

अशा प्रयोगात शेवटी खुलासा करायचा असतो. आम्ही हे तपासत होतो, यातली अमुक गोष्ट खरी नव्हती, असं लोकांना सांगून टाकायचं असतं. सर तो करणारच होते. पण त्यांना हेही बघायचं होतं, की बदललेलं मत आठवडाभर टिकतं का. म्हणून खुलासा पुढच्या आठवड्यात. त्यांचा हिशेब असा, की सरकारी काम, ठराव सहा महिने तरी पडून राहील, तोवर आपण खुलासा करू, गाव ठराव मागं घेईल, कुणाचं काही बिघडणार नाही. माणसाच्या मनातलं एवढं ओळखणाऱ्या माणसाला ऑफिसातलं काही ओळखता आलं नाही. गावानं आपण होऊन शाळा द्यायचा ठराव केलाय म्हटल्यावर वर आनंदीआनंद झाला. कधी नव्हे ती फाईल पळत सुटली. आणि सर त्या आठवड्यात घरोघरी पोरं पाठवून विचारत होते, तुमचं मत अजून तेच आहे का. मत तेच होतं. मामानं सांगितलं होतं ना.

खुलासा मारुतीच्या कट्ट्यावर झाला. मी तिथं होते. सर छान बोलले. बसचं वाक्य अभ्यासाचा भाग होता, गावानं गैरसमज करून घेऊ नये, आम्ही तुमचे आभारी आहोत, वगैरे. सगळं बोलून झाल्यावर कुणीच सरांकडं बघितलं नाही. सगळ्यांच्या माना मामाकडं वळल्या. कलावती म्हणून एक विधवा बाई आहे, तिची लेक तिसरीत होती. ती उठून उभी राहिली. "सरांचं काय, त्ये आज हाईत, उद्या न्हाईत. मामा, तुमी म्हनलाव म्हनून मी हात वर केला."

मामानं उपरण्यानं तोंड पुसलं, पुन्हा पुसलं. सरांनी पुढं होऊन म्हटलं, की मामांना यातलं काही माहीत नव्हतं. ते खरंच होतं. पण त्यानं काय झालं? माहीत असतं तर मामा लबाड ठरला असता. माहीत नव्हतं म्हणून मामा भोळा ठरला, कुणीही यावं आणि त्याच्या तोंडून काहीही वदवावं असा. लबाड माणसाचा सल्ला लोक एकवेळ घेतात. भोळ्याचा कोण घेतो?

गावानं दुसरा ठराव केला. ऑफिसात सांगितलं, आधीचा तुमचाच आहे की, आता कसा फिरवायचा. जूनमध्ये शाळेला कुलूप लागलं. बस आली नाही. काही बापांनी पोरं सायकलवर नेली, काहींनी सोलापुरात नातेवाइकांकडं ठेवली. कलावतीची लेक आईबरोबर खुरपायला जायला लागली. आणि मामाच्या अंगणात यायचं लोकांनी बंद केलं. भांडण नाही, टोमणा नाही, वाळीत टाकणं नाही. मी मामीला फोनवर विचारलं तेव्हा ती म्हणाली, "समदे रामराम करत्यात गं. खुशाली इचारत्यात. फकस्त 'तुमी काय म्हंताव' असं कुनी इचारत न्हाई." विहिरीचे ते दोघे भाऊ कोर्टात गेले. त्या विहिरीवर आता दोन मोटरी आहेत, दोन्ही बंद.

मी सरांच्या केबिनमध्ये गेले आणि मला येत होतं नव्हतं तेवढं सगळं बोलले. सरांचे डोळे हलले नाहीत. मी दम खायला थांबले तेव्हा ते म्हणाले, "तुझा राग योग्य आहे, विजया." माझ्या डोळ्यांपुढं बाईंनी पालथे घातलेले कप आले. रागाला योग्य म्हटलं की राग करणाऱ्याच्या हातात काही उरत नाही, हे त्यांना माहीत होतं आणि मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हेही त्यांना माहीत होतं. मी माझ्या संशोधनासाठी गाईड बदलून मागितला. त्यांची ना-हरकत लागत होती, ती त्यांनी लगेच दिली. "तू नाही म्हणू शकतेस, हे मी तुला कायमच सांगत आलो." त्या वेळी टेबलावर त्यांचा पाण्याचा ग्लास होता. तो उचलून त्यांच्या अंगावर ओतावा असं मला मनापासून वाटलं. ओतला नाही, याची हळहळ अजून आहे.

त्या प्रयोगावर त्यांचा लेख छापून आला, परदेशात नावाजलाही गेला. त्यात मामा एका ओळीत आहे. 'एक आदरणीय स्थानिक ज्येष्ठ.' लेख आला तोवर मामा आदरणीय उरला नव्हता, फक्त ज्येष्ठ होता.

मधे वर्षं गेली. सर निवृत्त झाले, बाई वारल्या, सरांच्या तब्येतीच्या बातम्या कानावर यायच्या. मी विचारपूस केली नाही. मग एका डिसेंबरात त्यांचा फोन आला. आवाज खोल गेलेला. "मामांना एकदा भेटायचंय. तू नेशील का? नाही म्हणू शकतेस."

"नाही," मी म्हणाले आणि फोन ठेवला. आयुष्यात त्यांना दिलेला माझा पहिला नकार. फार बरं वाटलं.

तर येळवसच्या दिवशी आम्ही सगळे मामाच्या शेतात कोपीपुढं जेवायला बसलो होतो आणि बांधावरून सर चालत आले. एकटेच. काठी टेकत, ज्वारीच्या धाटांना धरत. शर्ट अंगात लोंबत होता. रिक्षा लांब रस्त्यावर उभी होती. माझं डोकं तापलं. दिवससुद्धा निवडून काढला होता या माणसानं. वर्षातला असा एकच दिवस, ज्या दिवशी आमच्या शेतातून कुणाला हाकलत नाहीत. मी उठायला लागले तर मामीनं माझा पदर ओढला.

सर कोपीपाशी येऊन उभे राहिले. छाती वरखाली होत होती. मग त्यांनी मामीकडं बघितलं. "जरा पाणी मिळेल का?"

मला हसूच आलं, इतका संताप झाला. मामीनं मामाकडं बघितलं. मामानं मान हलवली. मामीनं मडक्यातून तांब्या बुडवून भरला आणि आणून सरांपुढं धरला. तेव्हा मामा बोलला.

"प्या. जेवून बी जावा. आज आमी कुनाला न्हाई म्हनत न्हाई. पन सर, बोलू नका. काय बी बोलू नका."

सरांचे ओठ हलले. मामानं नुसता तळहात दाखवला, शेतातल्या पाखराला हुसकावतो तेवढाच. सरांनी तोंड मिटलं. आयुष्यभर बोलण्यावर जगलेला माणूस, आणि त्याच्याकडून फक्त बोलणं काढून घेतलं होतं. बाकी सगळं दिलं होतं, पाणी, सावली, ताट. त्यांनी तांब्या तोंडाला लावला आणि खाली ठेवलाच नाही. मी त्यांना इतकी वर्षं बघितलं, दोन घोटांवर तिसरा घोट कधी बघितला नव्हता. तांब्या रिकामा झाला. पाणी हनुवटीवरून शर्टावर सांडलं. मामीनं पुन्हा भरला. तोही त्यांनी संपवला. "साकू?" तिनं सवयीनं कन्नडमध्ये विचारलं, पुरे का म्हणून. सरांनी मान डोलावली.

मग ते जेवले. उंडा कुस्करून भज्जीत कालवला, हळूहळू खाल्ला. त्यांचे डोळे भरून आले होते. भज्जीत मिरचीही बरीच होती. जेवण झाल्यावर त्यांनी मामाला हात जोडले, मामानं जोडले, आणि सर ज्या बांधानं आले त्याच बांधानं गेले. त्यांना जे बोलायचं होतं ते त्यांच्यापाशीच राहिलं. खरं होतं की बेतलेलं होतं, आता कुणाला कळायचं नाही.

ज्वारीत ते दिसेनासे झाल्यावर मामा म्हणाला, "तान लागली व्हती गं त्येला. खरंच लागली व्हती."

"मामा, ती त्यांची रीतच आहे," मी म्हणाले. "तुला माहीत नाही."

"व्हय," मामा म्हणाला. "पन आज लागली व्हती."

त्यानं तंबाखू काढली आणि मळत बसला. मी आणखी काही बोलणार होते, पण मामीनं ताटं उचलायला मला हाक मारली.

उन्हाळ्याच्या आत सर गेले. कॉलेजात शोकसभा झाली. सर लोकांत मिसळायचे, सरांना माणसांची ओढ होती, असं एकेक जण बोलत गेला. मला बोलायला सांगितलं. मी नाही म्हणाले. मी मागं भिंतीला टेकून उभी होते, आणि बऱ्याच वेळानं माझ्या ध्यानात आलं, की बोलणाऱ्याकडं माझं लक्षच नाही, मी माणसांच्या माना बघतेय. कुठल्या वाक्याला कुणाची हलते ते. मी बाहेर आले आणि नळावर तोंड धुतलं.

मामाला त्या दिवशी सरांची तहान खरी वाटली. ज्या माणसानं त्याचा शब्द नासवला त्याच माणसाची. असं खरं वाटणं मामाकडं अजून शिल्लक आहे. माझ्याकडं नाही. नवरा मला कधी म्हणतो, तुझं बरोबर आहे, तर मी त्याच्याकडं बघत राहते आणि तो बिचारा गोंधळतो. निवडणुकीच्या दिवसांत माझ्या दाराशी कुणी कार्यकर्ता पाणी मागतो, एरवी कधी कुरिअरवाला मागतो. मी देते. मामाच्या घरचं वळण आहे, पाण्याला नाही म्हणवत नाही. पण तांब्या हातात देताना मी आधी त्याच्या ओठांकडं बघते, कोरडे आहेत का म्हणून.